यामाहा सीए-१०१०: पॅनेल आणि मीटर नवे घालावेत की आहेत तेच उजळावेत?

तळजाईकर (धागाकर्ता)

सेट म्हणजे यामाहा सीए-१०१० अ‍ॅम्प्लिफायर, चॅनेलमागे ८ ओहमला १०० वॅट. जपानच्या बाजारातला १०० व्होल्टचा आहे, घरी स्टेपडाऊनवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालतो. आवाजाची काही तक्रार नाही. तक्रार सगळी दर्शनी भागाची:

- चंदेरी पॅनेलवरची अक्षरं व्हॉल्यूम आणि सिलेक्टरच्या भोवती पुसट झाली आहेत.
- आधीच्या मालकाने उजवीकडे एक जादा भोक पाडून ठेवलंय, साधारण १० मिमीचं.
- डावा मीटर उजव्यापेक्षा कमी दाखवतो. उजव्याचा काटा अर्ध्यावर जाऊन अडकतो आणि टिचकी मारली की सुटतो.
- मीटरचे दिवे गेलेत, डायल पिवळ्या पडल्यात.

बेत असा: पॅनेल सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापायच्या मशिनवर) नवं करून घ्यायचं, ऑनलाइन मिळतात ते मोठे निळ्या उजेडाचे व्हीयू मीटर (आवाजाची पातळी काट्याने दाखवणारे) बसवायचे, आणि आत एलईडी. कुठून सुरुवात करू? मोजमापं कशी घेतात? काय काय बिघडू शकतं?

सोल्डरधूर

बेताचा क्रम उलटा करा. आधी मीटर, मग दिवे, पॅनेल सगळ्यात शेवटी. आणि मीटर तरी खरंच बिघडलेत का ते पाहिल्याशिवाय नवे मागवू नका.

डावा कमी दाखवतो म्हणजे दोष मीटरचा असेल किंवा त्याला चालवणाऱ्या बोर्डाचा. ओळखायला पाच मिनिटं लागतात: दोन्ही मीटरच्या तारा आपसांत बदला. दोष तारेबरोबर दुसऱ्या मीटरवर गेला तर बोर्ड, त्याच मीटरवर राहिला तर मीटर. इतक्या जुन्या सेटमध्ये बहुतेक वेळा बोर्डावरचे १ ते १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. दोन्ही चॅनेलचे एकदमच बदला. एकाच बाजूचे बदललेत तर दोन काट्यांची चढ-उतार वेगवेगळ्या वेगाने होईल आणि ते सतत डोळ्यांत खुपेल.

झाकण उघडण्याआधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण मेन स्विच पॅनेलच्या मागेच असतो आणि त्याच्या टोकांवर मेनचा व्होल्टेज उघडा असतो. मोठे कपॅसिटर १ किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा आणि दीड मिनिट थांबा. मग मल्टिमीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही.

वायंडिंगताई

अडकणाऱ्या काट्याबद्दल. मूव्हिंग कॉइल मीटर (चुंबकात फिरणाऱ्या कॉइलवर काटा बसवलेला) अडकायची कारणं मोजकी आहेत, सोप्यापासून सुरू करा.

१. पुढच्या अ‍ॅक्रिलिकवर स्थिर विद्युतभार. कोरड्या फडक्याने पुसलं की काटा काचेकडे ओढला जातो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब वाटीभर पाण्यात टाकून त्यात भिजवलेलं मऊ फडकं आतून-बाहेरून फिरवा आणि तसंच वाळू द्या. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

२. डायलचा गोंद दिव्याच्या उष्णतेने सुटून पत्रा वर आलेला असतो आणि काटा त्याला घासतो. बाजूने टॉर्च मारून बघा.

३. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस. तुमच्यासारखा नेमक्या एका जागी अडकणारा काटा म्हणजे बहुधा हेच. सेलोटेपची बारीक पट्टी फटीतून हलकेच फिरवून कीस उचलायचा. जवळ लोखंडी पिन, चिमटा, स्क्रूड्रायव्हर आणू नका: चुंबक तो ओढून घेतो आणि केसासारखी स्प्रिंग गेलीच म्हणून समजा. लाकडी टूथपिक किंवा पितळी चिमटा वापरा.

४. पिव्हट (काट्याचा आस) वाकलेला किंवा स्प्रिंगची वेटोळी एकमेकांत अडकलेली. भिंग आणि निवांत दुपार.

पिव्हटला तेल कधीही घालायचं नाही, शिलाई मशिनचं तर नाहीच. तेलावर धूळ बसते आणि काटा कायमचा जड होतो.

चौथी_तार

ताईंच्या यादीला एक जोड. मीटरची कॉइल तपासायला मल्टिमीटर ओहमवर लावून थेट टोकांना टेकवू नका. जुने काट्याचे मल्टिमीटर ×१ वर शंभराहून जास्त मिलिअँपिअर सोडू शकतात. तुमची कॉइल काहीशे मायक्रोअँपिअरची.

सुरक्षित पद्धत: ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० किलोओहमचा पॉट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर), सगळं मीटरच्या सिरीजमध्ये. पॉट पूर्ण किमतीवर ठेवून सुरुवात करा. इथे साधारण ८० मायक्रोअँपिअर वाहतात. हळूहळू कमी करत काटा शेवटच्या रेघेवर आणा. तेव्हाचा करंट म्हणजे फुल स्केल. मग मीटरला समांतर एक २ किलोओहमचा पॉट लावून काटा बरोब्बर अर्ध्यावर आणा. तो पॉट काढून मोजलात की जी किंमत येईल तीच अंदाजे कॉइलची रेझिस्टन्स.

दोन्ही मीटरचे हे दोन आकडे लिहून ठेवा. नवे घ्यायचे झाले तर याच आकड्यांचे हवेत.

निळा_डायल

मोठ्या निळ्या मीटरच्या बाजूने कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. आधीच भोक पडलेला सेट आहे, संग्रहालयात ठेवायचा नाही. रोज समोर बसून ऐकणाऱ्याला जे आवडतं ते लावावं. ते मीटर ५०० मायक्रोअँपिअरचे, साधारण ६५० ओहमचे असतात. सोबत टीए७३१८पी आयसीचा ड्रायव्हर बोर्ड मिळतो, त्यात दोन्ही चॅनेल येतात. स्पीकरच्या टोकांवरून सिग्नल घ्या, वेगळा छोटा पुरवठा द्या, झालं.

मीटरवाला_ठाणे

@निळा_डायल, लावता येतं यात वाद नाही. पण 'झालं' म्हणण्याआधी स्केलचं गणित बघू.

व्हीयू मीटर हे प्रसारणाचं उपकरण आहे. अमेरिकेत बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून १९३९ मध्ये त्याचं प्रमाण ठरवलं. काटा ९९ टक्क्यांपर्यंत चढायला ३०० मिलिसेकंद घेतो, म्हणजे तो मुद्दाम सरासरी दाखवतो. स्केल −२० ते +३, एकूण २३ डेसिबल. पॉवर मीटरचं काम वेगळं. ०.०१ वॅट ते १०० वॅट म्हणजे ४० डेसिबलचा पल्ला, आणि शिखरं दिसली पाहिजेत. म्हणून मूळ सेटमध्ये लॉग सर्किट (लहान-मोठे सिग्नल एकाच स्केलवर बसवणारं) असतं आणि डायल त्या सर्किटच्या वळणावर छापलेली असते. मीटर बदलला आणि सर्किट तेच ठेवलं, किंवा उलट केलं, तर काटा हलेल पण आकडे खोटे सांगेल.

ड्रायव्हर नसलेला साधा मीटर थेट लावला तर काय होतं ते बघा. काटा व्होल्टेजच्या प्रमाणात हलतो आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० वॅटला काटा पूर्ण उजवीकडे धरला, तर ५० वॅट ७१ टक्क्यांवर, १० वॅट ३२ टक्क्यांवर आणि १ वॅट फक्त १० टक्क्यांवर. घरात ऐकताना बहुतेक संगीत १ वॅटच्या खालीच असतं. म्हणजे काटा दिवसभर डाव्या खुंटीला टेकून.

तरी कोणाला करायचंच असेल तर: १०० वॅट ८ ओहम म्हणजे २८.३ व्होल्ट आरएमएस. फुलवेव्ह रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) सरासरी साधारण २५.५ व्होल्ट. ५०० मायक्रोअँपिअरच्या मीटरला एकूण ५१ किलोओहम लागतात, म्हणजे ३९ किलोओहम सिरीजमध्ये आणि २२ किलोओहमचा ट्रिमर (छोटा पॉट). डायोड शॉटकी किंवा जर्मेनियमचे घ्या. सिलिकॉनच्या ब्रिजमध्ये खालचे सिग्नल डायोडमध्येच जिरतात.

म्हापसेकर

किनाऱ्यावरच्या हवेत सेट असेल तर आधी दिव्यांचे होल्डर बघा. फ्यूजसारखे दिवे ज्या क्लिपांत बसतात त्या गंजतात आणि दिवा चांगला असूनही पेटत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलवर खारट दमटपणाचे बारीक पांढरे ठिपके येतात ते अ‍ॅनोडायझिंगच्या (विजेने चढवलेल्या ऑक्साइडच्या संरक्षक थराच्या) खालून आलेले असतात. घासून जात नाहीत, वाढतात.

सोल्डरधूर

दिव्यांवरून आठवलं. @तळजाईकर, तुमचा स्टेपडाऊन १०० व्होल्टचा की ११० चा? बाजारात सर्रास ११० चे मिळतात. १० टक्के जास्त व्होल्टेजवर फिलामेंटच्या दिव्याचं आयुष्य एक तृतीयांशाच्या आसपास येतं. दिवे परत परत जाण्याचं ते एक मोठं कारण, आणि डायल पिवळी पडण्याचंही.

तळजाईकर

११० चाच आहे. मोजला तर रिकामा ११६ दाखवतो. बदलतो. मग एलईडी लावू की तसेच दिवे आणू?

सोल्डरधूर

एलईडी लावा, पण नीट. समजा दिव्यांचं वायंडिंग ८ व्होल्ट एसीचं आहे (तुमचं मोजून घ्या). ब्रिज रेक्टिफायर, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, त्यानंतर जवळपास ९.९ व्होल्ट डीसी. त्यावर दोन पांढरे एलईडी सिरीजमध्ये, ६.२ व्होल्ट धरा. उरलेल्या ३.७ व्होल्टसाठी २७० ओहम, म्हणजे १३-१४ मिलिअँपिअर. तीन एलईडी सिरीजमध्ये घालायचा मोह टाळा: मेन थोडी खाली आली की मंद होतात.

नेहमीची चूक: कित्येक सेटमध्ये दिव्यांच्या वायंडिंगचं एक टोक किंवा मधला टॅप चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो. अशा ठिकाणी ब्रिजचं ऋण टोकही चासीला जोडलं की वायंडिंग (मधला टॅप असेल तर अर्धं) एका डायोडमधून शॉर्ट होतं. ब्रिजनंतरचं सगळं चासीपासून सुटं ठेवा.

पीडब्ल्यूएम डिमर (दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) लावू नका. फोनो स्टेजमध्ये (रेकॉर्ड प्लेयरचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात) त्याची शिटी ऐकू येते.

घरंदाज_आवाज

रंग! रंगाकडे लक्ष द्या. २७०० ते ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट घ्या. मूळ डायल आणि फिल्टर पिवळसर उजेड धरून रंगवलेले असतात. मरांट्झच्या २२०० मालिकेतला निळा डायल हे ठळक उदाहरण: तिथे निळा एलईडी घातला की जाहिरातीच्या पाटीसारखा भडक होतो, वॉर्म व्हाइट घातला की मूळचा मऊ निळा परत येतो. शिवाय एलईडीचा उजेड एका दिशेला जातो, डायलवर गोल डाग पडतो. मध्ये ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावा, किंवा एलईडीचं डोकं कानसीने सपाट करून २४० च्या पॉलिश पेपरने दुधी करा.

वायंडिंगताई

पिवळ्या डायलचं: डायलचा पत्रा काढून १२०० डीपीआयवर स्कॅन करा, व्हेक्टरमध्ये नव्याने रेखाटा. छापताना दोन गोष्टी. इंकजेट उजेडाने उडतो, लेझर प्रिंट टिकतो. आणि जाड स्टिकर चिकटवू नका, काटा आणि डायलमध्ये जेमतेम एक मिलिमीटर असतं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पत्रा उलटा करणं. मागची बाजू कोरी असते, तिच्यावर पांढरा मॅट रंग आणि वॉटरस्लाइड डेकल (पाण्यात भिजवून सरकवायची पातळ छापील चिकटपट्टी). मूळ छपाई मागे सुरक्षित राहते, उद्या हवी तर परत पलटवा.

पुढच्या खिडकीला स्पिरिट, थिनर, आयसोप्रोपिल काहीही लावू नका. अ‍ॅक्रिलिकला जाळीदार तडे जातात. ओरखडे असतील तर १२०० आणि २००० चा वॉटर पेपर पाण्यासह, मग प्लास्टिक पॉलिश.

अ‍ॅनोड

आता पॅनेलकडे वळतो, कारण खरा खर्च आणि खरी चूक तिथे होते.

आधी धुवा. पॅनेल पूर्ण सुटं काढून, कोमट पाणी, सौम्य लिक्विड, मऊ ब्रश. पितांबरी, लिंबू, चिंच, सोडा यांतलं काहीही नाही. अ‍ॅल्युमिनियमचं अ‍ॅनोडायझिंग आम्ल आणि अल्कली दोन्हींत विरघळतं, आणि ओव्हन क्लीनर तर ते मिनिटांत उतरवतो. अमोनियावाला काच-क्लीनर अक्षरं उचलतो. कुठलंही द्रव आधी नॉबखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर तपासा.

नवं करायचं ठरलं तर मोजमाप असं. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. पॅनेल स्कॅनरपेक्षा लांब असतं, दोन-तीन तुकड्यांत घ्यावं लागेल. जुळवताना प्रत्येक तुकड्यात दोन भोकं सामाईक ठेवा. स्कॅन फक्त आकारासाठी, आकडे डिजिटल व्हर्नियरचे. सगळी अंतरं एकाच कोपऱ्यापासून मोजा. एका भोकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं मोजत गेलात तर ०.१ मिमीची चूक दहाव्या भोकापर्यंत १ मिमी होते आणि पॉट आत बसत नाही. चौकोनी बटणांना चारही बाजूंनी ०.३ मिमी मोकळी ठेवा. मग १:१ कागदावर छापून सेटवर लावून बघा. कागद बसला तर ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचं लेझरने कापलेलं नमुना पॅनेल, आणि तेही बसलं तरच धातू.

धातू अ‍ॅल्युमिनियमचा ६०६१ किंवा ६०६३ मिश्रधातू. क्रम पक्का: आधी कापणं आणि काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बसायची खळगी), मग आडव्या दिशेने ब्रशिंग, मग अ‍ॅनोडायझिंग १० ते १५ मायक्रॉन, मग अक्षरं. ब्रशिंगला २४० चा पेपर लाकडी ठोकळ्यावर, सरळ पट्टीच्या आधाराने, एका दमात डावीकडून उजवीकडे. मध्ये हात थांबला तर तिथे वळणदार खूण राहते आणि अ‍ॅनोडायझिंगनंतर ती जास्तच उठून दिसते.

निळा_डायल

अक्षरांसाठी फायबर लेझर सरळ सोपा नाही का?

अ‍ॅनोड

काळ्या अ‍ॅनोडायझिंगवर उत्तम, पांढरी-करडी अक्षरं येतात. चंदेरीवर अक्षर फिकट पांढरं येतं आणि समोरून उजेड पडला की गायब होतं. चंदेरीवर काळी अक्षरं हवीत तर दोन भागांची इपॉक्सी शाई आणि स्क्रीन प्रिंटिंग. त्याहून टिकाऊ म्हणजे अ‍ॅनोडायझिंग झाल्यावर, सीलिंगच्या (थराची छिद्रं बंद करण्याच्या) आधी शाई छिद्रांत उतरवून मग सील करणं. अशी अक्षरं नखाने काय, चावीनेही जात नाहीत. पण हे करणारं दुकान शोधावं लागतं आणि एका नगासाठी ते तयार होतीलच असं नाही. यूव्ही प्रिंट प्रायमरशिवाय घेऊ नका, व्हॉल्यूमभोवती बोटांनी पुन्हा पुसली जाईल. रेघ ०.२ मिमीहून बारीक आणि अक्षर १.६ मिमीहून लहान ठेवू नका.

घरंदाज_आवाज

आणि वरून क्लिअर लॅकर मारायचा सल्ला कोणी दिला तर?

अ‍ॅनोड

नको. ब्रश केलेल्या धातूची चमक जाऊन प्लास्टिक दिसतं, शिवाय स्प्रेमधलं थिनर जुन्या अक्षरांची शाई फुगवू शकतं.

चौथी_तार

नव्या पॅनेलनंतर हमखास येणारी तक्रार लिहून ठेवतो: 'पॅनेलला हात लावला की गुणगुण येते.' अ‍ॅनोडायझिंगचा थर विद्युतरोधक असतो. जुन्या पॅनेलला चासीशी जोडणारा एखादा स्क्रू किंवा पॉटची मान असते, तिथला संपर्क नव्यात तुटतो. मागच्या बाजूला एका स्क्रूभोवती १० मिमी गोल घासून उघडा धातू करा आणि दातेरी वॉशर घालून आवळा. पॅनेल ते चासी मल्टिमीटरवर १ ओहमच्या खाली दिसलं पाहिजे.

मीटरवाला_ठाणे

कॅलिब्रेशन राहिलं. स्पीकर काढा. मीटर वॅट मोजत नाही, व्होल्ट मोजतो आणि ८ ओहम गृहीत धरतो, म्हणून लोड न लावताही जुळवता येतं. ४०० हर्ट्झचा साइन सिग्नल द्या, कारण स्वस्त मल्टिमीटर एसीला ४०० हर्ट्झच्या वर खरे राहत नाहीत. स्पीकरच्या टोकांवर २.८३ व्होल्ट आले की १ वॅट, ८.९४ ला १०, २० ला ५०, २८.३ ला १००. आधी १० वॅटला ट्रिमर फिरवा, मग १ आणि १०० तपासा. दोन्ही चॅनेल एकाच सिग्नलवर, बॅलन्स मध्यावर. ४ ओहमचे स्पीकर असतील तर खरी पॉवर काट्याच्या दुप्पट.

तळजाईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तारा बदलून पाहिल्या: कमी दाखवण्याचा दोष तारेबरोबर गेला, म्हणजे बोर्ड. अडकणारा काटा साबणाच्या पाण्याने सुटला नाही, म्हणजे ताईंचं तिसरं कारण. निळे मीटर रद्द. आधी कपॅसिटर, कीस, १०० व्होल्टचा स्टेपडाऊन, वॉर्म व्हाइट एलईडी, उलटी डायल. पॅनेल धुतल्यावर अक्षरं अपेक्षेपेक्षा बरीच शिल्लक निघाली. मग मूळ पॅनेलच ठेवायचं तर त्या १० मिमी भोकाचं काय करू? वेल्डिंगने बुजवतात असं एकाने सांगितलं.

निळा_डायल

मूळ पॅनेल वाचत असेल तर माझंही मत मूळच्याच बाजूने. निळे मीटर वेगळ्या डब्यात घालून शेजारी ठेवता येतात, सेटला हात न लावता.

अ‍ॅनोड

वेल्डिंग अजिबात नको. भोवतीचं अ‍ॅनोडायझिंग जळतं, आणि भरलेल्या धातूचा रंग कधीच जुळत नाही. भोक आधी व्हर्नियरने तीन दिशांनी मोजा, हाताने पाडलेलं भोक गोल नसतं. गोल नसेल तर रीमरने (भोक नेमक्या मापाला वाढवायच्या हत्याराने) पुढचं पूर्ण माप घ्या, समजा १०.५. मग लेथवर ६०६३ ची चकती त्या मापापेक्षा ०.०२ मिमी मोठी, जाडी पॅनेलइतकीच. पुढच्या तोंडावर २४० ने ब्रशिंग करून ती चंदेरी अ‍ॅनोडाइज करून घ्या. थर चढल्यावर व्यास किंचित वाढतो, तेव्हा कडेवर मास्किंग सांगा. बसवताना रेघा आडव्या येतील अशी फिरवून मागून दाबा आणि मागच्याच बाजूने इपॉक्सीचा एक थेंब. हाताच्या अंतरावरून बारीक वर्तुळ दिसेल, खुर्चीवरून दिसणार नाही.

तळजाईकर

मोजलं. एका दिशेने १०.१, दुसऱ्या दिशेने १०.३.

अ‍ॅनोड

म्हणजे रीमर १०.५ चाच. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, खाली लाकूड, आणि रीमर हाताने फिरवा, ड्रिलवर लावू नका.